वाघिणीचं प्रेशर

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा.

नवीन वर्ष, नवीन वही, नवीन वाघीण. गाडी तशी जुनीच, पण आतून सगळी बदलून टाकली. इंजिनाला टर्बो. मागं रुंद टायर. सायलेन्सर असा की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. आणि मेन म्हणजे टाकीत मोठा पंप. टर्बोला पेट्रोल जास्त लागतं, ते पंपानं जोरात ढकललं पाहिजे. त्या प्रेशरसाठी डॅशबोर्डवर वेगळा काटा बसवून घेतला. काटा तीनवर उभा म्हणजे वाघीण खुश.

संकल्प: ८ मेला चिन्मयीचं लग्न, जाफराबादला, मुलाकडं. जालन्याहून मांडवापर्यंत नवरीला मी स्वतः माझ्या गाडीत नेणार. एकुलती एक पोरगी. लहान असताना स्कूटरवर पुढं उभी राहायची, तेव्हाच शब्द दिल्ता. उमा म्हणली, तेव्हा तुम्ही तिला चंद्रावर न्यायचाही शब्द दिल्ता. बायकोला एवढी आठवण देऊन देवानं काय साधलं कळत न्हाई.

दुपारी राजूरला गणपतीपुढं गाडीची पूजा. लोक बोनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, टायरखाली लिंबू चिरडतात. सगळं वरवरचं. मी सायन्सचा माणूस, बियाण्याच्या कंपनीत लॅब इन्चार्ज. गाडीचं काळीज म्हणजे पंप, आणि पंप असतो टाकीत. पूजा करायची तर काळजाची करा ना! म्हणून टाकीचं झाकण उघडून चिमूटभर अक्षता आणि पळीभर तीर्थ आत सोडलं. गुरुजी म्हणले, अहो आत कशाला, बोनेटवर टाका की. गुरुजींना ऑटोमोबाईल कळत न्हाई.

येताना काटा तीनवर. साडू देवानंदला फोटो पाठवला. त्याची पांढरी एसयूव्ही शोरूममधून आली तशीच आहे, एक स्क्रूसुद्धा बदलला न्हाई. कल्पनाशक्ती लागते. त्यानं नुसता अंगठा पाठवला. जळाला.

२४ मार्च, मंगळवार.

ऑफिसला जाताना काटा तीनवरून दोनवर आला. गाडीनं दोन आचके दिले. मंग आपोआप बराबर. नवी गाडी आहे, रुळायला वेळ लागणार. नवी सून पण पहिल्या आठवड्यात भांडी आपटते.

२९ मार्च, रविवार.

पाच-सहा किलोमीटर मस्त पळते. मंग काटा खाली, आचके, बंद. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा तीनवर, जसं काही झालंच न्हाई. असा आजार व्हिडिओत कुठंच न्हाई. म्हणजे केस इंटरेस्टिंग आहे.

जुन्या जालन्यात साहेबराव मेकॅनिककडं गेल्तो. त्याचं गॅरेज धान्याच्या दुकानांमागं, आत जायला पोत्यांवरून उडी मारावी लागते. साहेबरावला काहीही विचारा, तो आधी सगळं उतरवू म्हणतो. टाकी उतरवू, इंजिन उतरवू, आलाच आहात तर गिअरबॉक्सही बघून घेऊ. मागं त्याच्याकडं हॉर्न दुरुस्त करायला गेल्तो तेव्हा त्यानं सीट काढल्ती.

टाकीला हात लावायचा न्हाई म्हणून ठणकावून सांगितलं. पंप कोरा आहे, शिवाय पूजा झालेला. एकदा पूजा झाली की लग्नापर्यंत टाकी उघडायची न्हाई, हा माझा नियम. साहेबराव म्हणला, सर, देव काय टाकीत बसलाय का? मंग तो बाहेरचा फिल्टर बदलायला तयार झाला. जुन्या फिल्टरमधून पिवळसर गाळ निघाला.

निदान झालं. पेट्रोलमध्ये भेसळ. या देशात प्रामाणिक माणसानं गाडी चालवायची कशी?

५ एप्रिल, रविवार. संकष्टी.

नवीन फिल्टर म्हणजे नवीन पार्ट. नवीन पार्ट म्हणजे पूजा. राजूरला अलोट गर्दी. मागच्या वेळी चिमूटभरच अक्षता टाकल्त्या, त्यात कुठं पुरणार? या वेळी मूठभर. तीर्थ पण वाटीभर मागून घेतलं. गुरुजी नुसते बघत राह्यले. शिकतायत.

रांगेतल्या एका बाईनं विचारलं, भाऊ, गाडीला भूक लागली का? मी टाकीचं झाकण घट्ट लावलं. समाजात सायन्स रुजायला वेळ लागतो.

परतीच्या रस्त्यात गाडी तीनदा बंद पडली. कारण राजूरहून पेट्रोल भरलं न्हाई, जालन्याचंच जुनं भेसळीचं होतं.

१२ एप्रिल, रविवार.

आज शास्त्रशुद्ध टेस्ट. उमाला मागं बसवून आठ किलोमीटर. काटा पडला. पॉइंट लिहून घेतला. वजनाचा संबंध असावा, असं उमाला सांगितलं. ती तिथंच उतरली आणि रिक्षानं घरी गेली. परत येताना मी एकटा होतो, तरी काटा पडला, पण तो पॉइंट धरला न्हाई. टेस्टचं वातावरणच बिघडलं होतं.

संध्याकाळी जेवायला वरण-भात. भात कच्चा होता. तसाच खाल्ला.

२० एप्रिल, सोमवार.

पारा बेचाळीसवर. डोक्यात लख्ख उजेड पडला. ऊन! तापलं की पेट्रोलची वाफ होते, वाफ झाली की पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं. दहा मिनिटं थांबलं की थंड होतं. सगळं बसतंय.

पेट्रोलच्या पाइपवर ओली गोणी बांधली. टाकीखाली बर्फाची पिशवी. काटा तीन! कॉलनीला दोन चकरा मारल्या. गोणी सुटून चाकात गेली. शेजारचे विचारत होते, बर्फाच्या गोळेवाल्याकडून गाडी घेतली का म्हणून. हसू द्या. ज्यांनी ज्यांनी काही नवीन केलं त्यांना लोक हसलेच.

तरी काटा पडला. पण आज दोन मिनिटं उशिरा. ही प्रगती आहे.

२६ एप्रिल, रविवार.

साहेबराव म्हणला, सर, आता तर टाकी उतरवूच. मी म्हणलं, टाकी सोडून बोल. मंग रेग्युलेटर बदलला, म्हणजे प्रेशर सांभाळणारी डबी. वायरिंग पण नवीन ओढलं. साहेबराव म्हणला, एवढं करून बंद पडली तर मी मिशी काढतो. त्याला मिशी न्हाई, हे गॅरेजच्या बाहेर आल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी चिन्मयी माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणली, बाबा, गाडी चालली तर चालली, न्हाई तर देवानंदकाकाच्या गाडीत जाऊ. मला फक्त तुम्ही वेळेवर पाह्यजे. शाळेच्या गॅदरिंगला माझा नाच संपल्यावर आल्ते तुम्ही, लग्नाला तसं नका करू. तेव्हा स्कूटरचं कार्ब्युरेटर साफ करत होतो, हे तिला कितीदा सांगितलं.

म्हणजे तिला काळजी आहे. गाडीची. पोरीनं बापाच्या गाडीसाठी इतकं हळवं व्हावं! मी तिला सांगितलं, काटा तीनच्या खाली गेला तर नाव बदलीन. ती उठून आत गेली. भारावली असणार.

देवानंदचा फोन. म्हणे लग्नाच्या दिवशी मी तुमच्या मागं गाडी ठेवतो, बॅकअप म्हणून. बॅकअप! मी त्याला सांगितलं, तू वऱ्हाडाच्या बसबरोबर पुढं जा आणि नारळ-पानं मोज.

५ मे, मंगळवार. अंगारकी.

नवीन रेग्युलेटर, नवीन वायरिंग. आणि योग कसला! लग्नाच्या तीन दिवस आधी अंगारकी. उमा म्हणली, घरात आजची कामं सोडून तुम्ही राजूरला जाता? मी म्हणलं, हेच तर आजचं काम आहे.

चार तास रांग. मनातल्या मनात गणपतीला सांगितलं, माझ्यासाठी काही मागत न्हाई, पोरीला मांडवात नेऊ दे. खरंच तेवढंच मागितलं. डोळे भरून आल्ते. मंग टाकीत अक्षता. या वेळी हात आखडता घेतला न्हाई, एक अख्खी वाटी. वर तीर्थाची बाटली, अर्धी. गुरुजींनी हात जोडले. मला का गाडीला, ते कळलं न्हाई.

६ मे, बुधवार.

रजेवर जाण्याआधीचा शेवटचा दिवस आणि लॅबमध्ये राडा. माझ्या हाताखालच्या कल्याणनं उगवण तपासणीचे ओले दाणे कचऱ्यात टाकायचे सोडून बेसिनमध्ये ओतले. बेसिन तुंबलं, पाणी टेबलाखालच्या बियाण्याच्या नमुन्यांपर्यंत. सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. अरे दाणा पाण्यात राह्यला की फुगणार. फुगला की जाळीवर जाऊन बसणार. जाळी बंद झाली की पाणी ओढलंच जाणार न्हाई. हे पहिलीतल्या पोराला कळतं, तू बीएस्सी ॲग्री आहेस!

छान बोललो. दोघं-तिघं मान डोलावत होते. घरी येताना गाडी चार ठिकाणी थांबली.

८ मे, शुक्रवार. लग्न.

सकाळी ६.३०. काटा तीन. चिन्मयी पिवळ्या शालूत, मुंडावळ्या बांधलेली. मागच्या सीटवर बसताना सायलेन्सरला घाबरली न्हाई, माझीच पोरगी. उमा पुढं. बस आणि देवानंद आत्ताच पुढं गेले. अकरा चाळीसचा मुहूर्त. दोन तासांचा रस्ता. देवाच्या आधी पोचतो.

७.३५. राजूरच्या अलीकडं. चौथा थांबा. फक्त सात मिनिटं. उमा म्हणली, काटा बघू नका, घड्याळ बघा.

८.२०. राजूरच्या पुढं. देऊळ समोर दिसत होतं तेव्हा बराबर चालत होती. म्हणजे देव बघून राह्यलाय.

८.५०. थांबा. तीन किलोमीटर झाले.

९.३०. थांबा. एक किलोमीटर. चिन्मयीनं देवानंदकाकाला फोन लावला, तो घेत न्हाई. मांडवात बँड लागला असणार. नारळ मोजत असेल.

१०.०५. आता सुरूच होत न्हाई. काटा शून्य. बोनेटवर वही ठेवून लिहून राह्यलो, बोनेट तव्यासारखं. उमा लिंबाच्या झाडाखाली उभी. चिन्मयी गाडीतून उतरली. शालूच्या काठाला धूळ लागली. ती काठ झटकून राह्यली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१०.२५. काळीपिवळी येतेय.

संध्याकाळ. जाफराबाद.

लिहितो. लिहायलाच पाहिजे.

काळीपिवळीत पंधरा माणसं होती, बाजाराच्या पिशव्या, एक सायकल टपावर. नवरी बघितल्याबरोबर आतल्या बाया सरकल्या. एकीनं लेकरू मांडीवर घेतलं, दुसरीनं चिन्मयीच्या मुंडावळ्या बराबर केल्या, म्हणली, ये बाई, आमच्या गावचीच होऊन राह्यली, लाजते काय. उमा पण बसली. मी खालीच उभा. चिन्मयी म्हणली, बाबा, चला. मी म्हणलं, तुम्ही व्हा पुढं. दहा मिनिटं थंड होऊ देतो, काटा वर आला की मागोमाग पोचतोच.

चिन्मयी खाली उतरली. शालू सावरत, पंधरा लोकांसमोर. म्हणली, मंग मी पण थांबते. तुमचा काटा वर आला की लग्न करू.

ड्रायव्हर म्हणला, काका, बसा ना जल्दी, नवरदेव दुसरी बघंल.

मी मागच्या फळीवर उभा राह्यलो. वरच्या दांड्याला धरून. नवरीचा बाप, नवीन जोधपुरी, खिशात गाडीची किल्ली. वाघीण मागं छोटी होत गेली, मंग वळणावर दिसेनाशी झाली. आतून चिन्मयीनं हात मागं करून माझा पाय धरून ठेवला, मी पडू नये म्हणून. स्कूटरवर मी तिला असंच धरायचो. मला रडू आलं. उमाला सांगितलं की धूळ होती. ती म्हणली, हो, मला पण गेली डोळ्यात.

अकरा पस्तीसला पोचलो. नवरदेव अपूर्व पाटावर उभा, तोंड वेशीकडं. जावयानं आमच्याकडं बघितलं, काळीपिवळीकडं बघितलं, आणि एक शब्द विचारला न्हाई. गुणी आहे. देवानंदनं मात्र विचारलं, गाडी कुठं? मी म्हणलं, मागून येतेय.

मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी ताट फिरवलं, मी मूठभर अक्षता घेतल्या. हाताला घाम आल्ता. दाणे तळव्याला चिकटून राह्यले, हळद सुटून बोटं पिवळी झाली. ओल्या दाण्यांकडं बघत राह्यलो. तेवढ्यात सगळा मांडव ओरडला, सावधान! सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझी मूठ तशीच. उमानं कोपर मारलं तेव्हा टाकल्या. सगळ्यांच्या नंतर.

एक शंका आली आहे. ती लिहीत न्हाई.

१० मे, रविवार.

साहेबराव टेम्पोवर घालून गाडी घेऊन आला. टाकी उतरवली. मीच उतरव म्हणलं. त्याला आनंद झाला, तो कधीपासून वाट बघत होता.

पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. ती दिसतच नव्हती. तिच्यावर जाड पिवळा थर. भात. टाकीच्या बुडाला पाणी साचलेलं, त्यात भिजलेला, फुगलेला भात. पंप सुरू झाला की सगळा भात ओढून जाळीवर बसायचा, प्रेशर खाली. गाडी थांबली की गळून खाली पडायचा, प्रेशर वर. साहेबरावनं बोटानं थोडा काढला, वास घेतला आणि विचारलं, सर, खिचडी कोणी टाकली?

मी म्हणलं, भेसळ. पेट्रोलवाल्यांची.

उमानं एक दाणा उचलून उन्हात धरला. म्हणली, पेट्रोलवाले हळद लावून भेसळ करत न्हाईत.

साहेबराव हसला. त्यानं हसायचं कारण न्हाई, त्यानं दीड महिना मला फिल्टर आणि डबी बदलून दिली आणि खाली बसून गिअरबॉक्सकडं बघत राह्यला. पण हसला. उमा पण हसली. पोरीचं लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदा हसून राह्यली होती, म्हणून मी दोघांना हसू दिलं.

११ मे, सोमवार.

सवयीनं टाकीतले थोडे दाणे लॅबमध्ये नेले, धुऊन उगवणीसाठी ओल्या कागदात ठेवले. कल्याणनं विचारलं, सर, हे कोणतं वाण? त्याला म्हणलं, तू बेसिनचं बघ. मंग परत बोलावलं आणि त्याला चहा पाजला. का, ते सांगितलं न्हाई.

संध्याकाळी चिन्मयीचा फोन. सासूबाई चांगल्या आहेत, अपूर्वला स्वयंपाक येतो. मांडवपरतणीला मला न्यायला तुम्हीच या म्हणली. मंग म्हणली, पण बाबा, गाडी नका आणू.

मी म्हणलं, गाडी आता बराबर झाली. टाकी धुतली, काटा तीन.

ती म्हणली, असू द्या.

१३ मे, बुधवार.

कागद उघडला. फुगलेले सगळे. उगवलेला एकही न्हाई.

किल्ली खिळ्याला टांगून सकाळच्या एसटीनं निघालो. खिडकीची जागा. ड्रायव्हरच्या समोर काचेला गणपतीचा छोटा फोटो, शिळा हार, एक विझलेली उदबत्ती. एवढंच. झाकण-बिकण काही उघडलेलं न्हाई. राजूर गेलं, तो लिंब गेला, बस कुठंच थांबली न्हाई. प्रेशर किती असतं म्हणून कंडक्टरला विचारलं. तो म्हणला, उन्हाळ्यात प्रवाशांचं जास्त.

जाफराबादच्या स्टँडवर चिन्मयी उभी होती, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. मला बघितलं, मंग माझ्या मागं बघितलं. मागं काहीच नव्हतं. मंग पळत आली. म्हणली, बाबा, वेळेवर आलात!

मी म्हणलं, प्लॅनिंग असतं माझं.